मोसम-आरमचे पाट

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यात सटाणा म्हणजेच बागलाण तालुक्यातला साल्हेरही आला. 1567 मीटर उंचीचा हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. कळसूबाईनंतर राज्यात उंचीला दुसरा क्रमांक त्याच्याच डोंगराचा. फेब्रुवारी 1672 मध्ये प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांनी मोगलांचा वेढा उघड्या मैदानात मोडून काढला तो याच्याच पायथ्याशी, आणि सूर्यराव काकडे पडले तेही इथेच. बागलाणाला या मानाचा अभिमान वाटला तो रास्तच आहे.

पण त्याच साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांचे पाणी घेऊन मोसम आणि आरम या नद्या खाली उतरतात आणि तिथे बागलाणाचा दुसरा वारसा सुरू होतो. तो दगडाचा कमी आणि मातीचा जास्त आहे. नदीत आडवा बांधलेला दगडी बंधारा, त्याच्या एका टोकाकडून निघालेला पाट आणि त्या पाटाच्या उताराकडच्या अंगाला मैलोन्‌मैल चालत गेलेला मातीचा भराव. मुल्हेर, अंतापूर, ताहाराबाद, जायखेडा, नामपूर ही मोसमकाठची गावे, डांगसौंदाणे आणि खुद्द सटाणा ही आरमकाठची. या पट्ट्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला पाट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते पाहुण्यांना, कारण किल्ला लांबून दिसतो आणि पाट पायाखाली आला तरी ओळखू येत नाही. गवताने झाकलेला एखादा उंचवटा, त्याच्या कडेने माणसांची पायवाट, निर्गुडी, घाणेरी आणि बेशरमीची दाटी. पुरातत्त्वाच्या भाषेत ज्याला रेषेत पसरलेले मातीकाम म्हणावे, असे हे काम.

तज्ज्ञ या व्यवस्थेचे वय साधारण तीनशे ते चारशे वर्षे धरतात. म्हणजे आपण बागलाणच्या बागुल राजांच्या अखेरच्या काळापर्यंत मागे जातो. मुल्हेर, म्हणजे त्यांचे मयूरगिरी, ही या घराण्याची राजधानी. नारायणशहाच्या दरबारी असलेल्या रुद्रकवीने 1596 मध्ये 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' रचले ते याच घराण्याचा मोठेपणा गाण्यासाठी. संस्कृत महाकाव्यात नांगर आणि पाट यांना जागा मिळत नाही, त्यामुळे लढाया आणि वंशावळ भरपूर, पण शेतात पाणी कसे येई याचा पत्ता नाही. मला या बाबतीत त्याच काळातल्या अकबराच्या दरबारातला अबुल फजल जास्त उपयोगी वाटतो. 'ऐने अकबरी'त बागलाणाबद्दल त्याने थोडकेच लिहिले आहे, पण त्यात इथली फळे मोजली आहेत आणि त्या यादीत द्राक्षे आणि डाळिंबे आहेत. आज बागलाणची हंगामाआधी येणारी द्राक्षे परदेशी जातात आणि डाळिंबावर तालुक्याचे संसार चालतात. सव्वाचारशे वर्षांपूर्वीही इथे हीच फळे होती. द्राक्ष काही नुसत्या पावसावर पिकत नाही. हिवाळा-उन्हाळा त्याला कोणीतरी पाणी द्यावे लागते, आणि ज्या काळात विजेचा पंप नव्हता त्या काळात पाणी देणारे दोनच मार्ग होते: मोट आणि पाट.

1638 मध्ये औरंगजेबाने मुल्हेर घेतला आणि बागुलांचे राज्य संपले. पुढे 1671 मध्ये साल्हेर शिवाजी महाराजांकडे आला, नंतर पुन्हा मोगल, मग पेशवाई, आणि 1818 मध्ये इंग्रज. किल्ल्यावरचे निशाण इतक्या वेळा बदलले, पण खाली पाटाला पाणी सोडणाऱ्यांच्या कामात फरक पडला नसावा. कोणत्याही सरकारला बागायतीचा सारा हवाच असतो. दप्तरात जमिनीची वर्गवारीच अशी होती: विहिरीच्या पाण्यावरची ती मोटस्थळ आणि पाटाच्या पाण्यावरची ती पाटस्थळ. पाटस्थळाचा आकार वेगळा बसे. सारा घेणाऱ्याने पाट मान्य केला होता, एवढा तरी पुरावा या एका शब्दात आहे.

पाट वाहता कसा राही, हे जरा सावकाश सांगायला हवे, कारण बंधाऱ्यापेक्षा ती कारागिरी मोठी आहे.

बंधारा बांधायचा तो नदीच्या पात्रात खडक उघडा पडला असेल तिथे. पाणी साठवणे हा त्याचा हेतू नसतोच. पात्रातले वाहते पाणी हात-दोन हात वर उचलून एका कडेला वळवायचे, एवढेच त्याचे काम. पूर आला की पाणी सरळ त्याच्या माथ्यावरून निघून जाते. खरी कसोटी पुढे. कालवा नदीपेक्षा मंद उताराने न्यायचा असतो, म्हणजे जसजशी नदी खाली जाते तसतसा कालवा तिच्यापासून उंच आणि दूर होत जातो आणि दोघांच्या मधली जमीन भिजते. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडते, कमी झाला तर गाळ बसतो. मोजणीची यंत्रे नसताना ही रेघ कोणी आखली असेल, तर पाण्यालाच पुढे चालवून. खणलेली माती उताराच्या अंगाला टाकायची, ती तुडवून घट्ट करायची, तिच्यावर हरळी वाढू द्यायची. हाच तो भराव. अशा कालव्यांची लांबी दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत आढळते आणि वाहण्याची ताकद सेकंदाला सुमारे 450 लिटर. दिवसरात्र वाहिला तर चोवीस तासांत जवळपास चार कोटी लिटर पाणी. मधे नाला आला किंवा पाणी जादा झाले तर ते सोडून द्यायला सांडम. कालव्यातून चाऱ्या, चारीतून सारंग, सारंगातून वाफा.

आणि मग फड, म्हणजे बागायतीचा एकेक सलग भाग. बंधाऱ्याखालची कायम बागायत बहुधा चार फडांत विभागलेली असे. एक फड लहान असला तर दहा हेक्टरांचा, मोठा असला तर दोनशेचा, सरासरी शंभर-सव्वाशे हेक्टरांचा. नियम एकच, पण कडक: एका फडात एकच पीक. एक-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके, आणि एखादा फड विसाव्याला. दरवर्षी गाव बसून ठरवी की यंदा कुठला फड कशाला.

या नियमाचा फायदा शेतात उभे राहिल्यावर कळतो. सगळ्या वाफ्यांना एकाच वेळी पाणी लागते, म्हणून एक चारी उघडली की ओळीने फड भिजवून मोकळे होता येते. कोरड्या शेतांतून पाणी नेताना जे जिरून जाते ते जात नाही. उसाच्या शेजारी हरभरा नसल्यामुळे एकाच्या ओलीने दुसऱ्याचे पीक पिवळे पडत नाही. गुरे राखायला एकच राखणदार पुरतो. आणि उसाची जमीन पुढच्या फेरीत हलक्या पिकाला जाते, तेव्हा ती चोपण होत नाही. पाण्याच्या अतिरेकाने जमिनी खारवल्याची तक्रार आज धरणांच्या लाभक्षेत्रांत सर्रास ऐकू येते. फडवाल्यांनी त्यावरचा उपाय रोग होण्याआधीच करून ठेवला होता.

ही व्यवस्था चालवणारी माणसे गावचीच. पाणी फिरवणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेख करणारा हवालदार, उभ्या पिकाची राखण करणारा जागल्या, आणि वर पंच. पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडून घ्यायचे नाही, ते पाटकरीच देणार. त्याची मजुरी बहुधा धान्याच्या रूपाने. पाऊस संपला की कालव्यातला गाळ काढायचा, घळी पडलेला भराव दुरुस्त करायचा, आणि त्यात प्रत्येक खातेदाराने आपल्या जमिनीच्या प्रमाणात माणूस द्यायचा. न देणाऱ्याला दंड. के. आर. दाते आणि आर. के. पाटील यांनी 1987 मध्ये शेतकऱ्यांनी चालवलेल्या सिंचन व्यवस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा इंजिनिअर मंडळींचे लक्ष पुन्हा या फडांकडे वळले. तोवर सरकारी कागदात हे बंधारे म्हणजे जुनी किरकोळ कामे होती.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट गाळ काढण्याची वाटते. मातीचा भराव दोन पावसाळे बेवारस राहिला तर खेकडे आणि उंदीर त्याला भोके पाडतात, तिसऱ्या पावसाळ्यात तो फुटतो. चारशे वर्षांचा पाट म्हणजे खरे तर चारशे वेळा दुरुस्त केलेला पाट. त्यातली आजची माती बागुलांच्या काळची नसेलही, रेघ मात्र त्याच काळची आहे.

इंग्रज आले तेव्हा बागलाण खानदेशात मोडत होते. पेंढाऱ्यांच्या आणि पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत खानदेश उजाड झालेला, जागोजाग बंधारे पडलेले. कॅप्टन जॉन ब्रिग्जने 1818 मध्ये कारभार हाती घेतला तो असा मुलूख होता. पुढे निघालेल्या खानदेश गॅझेटियरने तर जवळपास प्रत्येक ओढ्या-नदीवर जुन्या बंधाऱ्यांच्या खुणा आहेत असे नोंदवले आणि लोक त्यांचे श्रेय जुन्या मुसलमान राजांना देतात हेही सांगितले. 1869 मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाला आणि बागलाण तिकडे गेले.

त्यानंतर लगेचच 1870-71 चा दुष्काळ. या दुष्काळाने सटाण्याला त्याचे दैवत दिले. यशवंत महादेव भोसेकर तेव्हा इथे मामलेदार होते. लोक उपाशी मरताना त्यांना सरकारी खजिना बंद ठेववेना. 1,27,000 रुपये त्यांनी वाटून टाकले, आणि तपासणीला साहेब आले तेव्हा खजिना पुरा भरला, असे गाव आजही सांगते. आरमकाठच्या त्यांच्या मंदिरात दर वर्षी मार्गशीर्ष वद्य एकादशीला यात्रा भरते. मामलेदाराला देव मानणारे गाव महाराष्ट्रात दुसरे असेल असे वाटत नाही. मला या कथेतली दुसरी बाजू दिसते: पाटाखालच्या तालुक्यातही तिजोरी उघडावी लागली. पाट नदीवर जगतो आणि नदी पावसावर. नदीच आटली तर सांडम आणि सारंग काय करणार?

सरकारनेही धडा घेतला, पण आपल्या पद्धतीने. 1879 चा मुंबई पाटबंधारे कायदा आला. त्यात मोठी सरकारी कामे एकीकडे आणि गावकऱ्यांची जुनी कामे 'दुसऱ्या वर्गाची' म्हणून दुसरीकडे, अशी विभागणी पुढे रूढ झाली. नाव अपमानास्पद वाटले तरी त्यात एक सोय होती. या कामांवर कोणाचा किती हक्क, पाळी कोणाची, दुरुस्तीचा भार कोणावर, याची नोंद करून ठेवण्याची तरतूद होती. 1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्यातही ती चालू राहिली. म्हणजे कायद्याने फडाला कधी नाकारले नाही. विसरले ते माणसांनीच.

विसरण्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. दोन्ही नद्यांच्या उगमांकडे हरणबारी आणि केळझर ही धरणे झाली. नदीचे पाणी आता निसर्गाच्या नव्हे, आवर्तनाच्या तारखेने येते. बंधाऱ्याचा हक्क आणि धरणाचा कोटा यांचा मेळ बसवणे पंचांच्या हातात राहिले नाही. त्याच सुमारास विजेचा पंप आला, मग बोअर, मग ठिबक. डाळिंब आणि द्राक्ष ही वर्षानुवर्षे उभी राहणारी झाडे. ती फडाच्या फेरपालटात बसतच नाहीत. एकाने फडात डाळिंब लावले की 'एका फडात एक पीक' हा नियम मोडलाच. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला गाळ काढायला माणूस द्यायचे कारण उरले नाही. गंमत अशी की त्या विहिरीला पाणी येते ते बऱ्याच अंशी पाट पाझरतो म्हणून. पाट बुजला की चार-पाच वर्षांत विहीर खोल करावी लागते आणि दोष पावसाला जातो.

भराव गेला की तो जातो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. कोणी एका दिवसात तो उडवत नाही. शेजारचा शेतकरी नांगराचे दोन तास वाढवतो. पुढच्या वर्षी आणखी दोन. घर बांधणारा माती नेतो, रस्त्याचा ठेकेदार मुरूम. कुठे जेसीबीवाला शेत सपाट करून देताना भरावही सपाट करतो. पाच किलोमीटरच्या कालव्यातले पन्नास मीटर बुजले तरी पुढचे सगळे मेले. किल्ल्याचा एक बुरूज ढासळला तरी किल्ला उरतो, पाटाला तशी सवलत नाही.

हे दुखणे फक्त आपले नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवर आठव्या शतकात ऑफा राजाने घातलेला मातीचा बांध आहे. शंभर किलोमीटरच्या वर लांब, बराचसा खाजगी शेतांतून गेलेला. 2013 मध्ये चर्क गावाजवळ त्याचा एक तुकडा जेसीबीने सपाट झाला. तो संरक्षित होता. पण हे काम करणाऱ्याला ते माहीत होते असे सिद्ध होईना, म्हणून खटला उभा राहिला नाही. त्यावरून गदारोळ झाला आणि 2016 मध्ये वेल्सने कायदाच बदलला: माहीत नव्हते म्हणणे पुरेसे नाही, माहिती करून घेण्याची जबाबदारी तुमची.

आपल्याकडेही प्राचीन मातीकाम आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी घातलेला दोनशे मीटरांहून लांब बांध आणि पुराचे पाणी वळवणारा कालवा सापडला. भंडारा जिल्ह्यात पवनीला वैनगंगेकाठी प्राचीन नगराभोवतीचा मातीचा तट आणि खंदक अजून दिसतो. इनामगावचा कालवा वापरातून जाऊन तीन सहस्रके झाली, आपला परवापर्यंत वाहत होता. शोधणाऱ्यांनी मातीखालचा सांभाळला, वरचा कोणी विचारला नाही.

मग पाटाला संरक्षित स्मारक करायचे का? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, ती पाट सहज पुरी करतो. पण 2010 च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची अट आहे. आठ किलोमीटरच्या पाटाला हे लावून पाहा. दोन्ही बाजूंनी मिळून 160 हेक्टर, म्हणजे जवळपास चारशे एकर बागायतीवर कांदाचाळही बांधता येणार नाही. वर, स्मारकाची माती उकरणे हा गुन्हा, आणि पाट तर दरवर्षी उकरला नाही तर मरतो. असे संरक्षण जाहीर झाले तर पहिला जेसीबी आदल्या रात्रीच फिरेल.

पाटाला दुसरे मार्ग आहेत. नवी दिल्लीत मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जुन्या सिंचन कामांची जागतिक वारसा यादी सुरू केली आहे. 2020 मध्ये तिच्यात सिंधुदुर्गातला धामापूर तलाव आला, 1530 च्या सुमाराचा. शंभर वर्षांहून जुने आणि आपल्या काळात नवे काही दाखवून देणारे काम, असा निकष. मोसम-आरमचे फड त्यात बसतात, आणि तिथे वापर चालू असणे हा दोष धरत नाहीत. साल्हेरसाठी जशी शासनाने पुढाकार घेऊन कागदपत्रे केली तशी एक फाईल फडांचीही निघायला हरकत नाही. पण त्याआधी रेघ तर शाबूत हवी, आणि ती राखण्याचे काम दिल्लीहून किंवा युनेस्कोच्या पॅरिसहून होणार नाही.

ते सटाण्यातच होण्यासारखे आहे आणि त्याला नवा कायदाही लागत नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 अजून लागू आहे. त्याच्या कलम 5 खाली शेतीच्या पाण्याच्या वहिवाटीला, मग ते विहिरीचे असो वा पाटाचे, कोणी अडथळा केला तर तहसीलदार तो दूर करून पूर्ववत ताबा देऊ शकतात. वकिलाचा मोठा खर्च नाही, वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत. म्हणून ज्यांची शेती मोसम-आरमकाठी आहे त्यांना एवढेच सांगणे आहे: भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा, त्यावर पाट कुठून जातो ते पाहा, आपल्या जुन्या उताऱ्यांवर पाटस्थळाची नोंद आहे का ते तपासा, आणि ग्रामसभेत ठराव करून ती रेघ गावाच्या दप्तरी चढवून घ्या. कोणी भराव फोडला तर पंचनामा त्याच आठवड्यात करा. मामलेदाराकडे जायची मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांचीच आहे.